घोडीच्या पोटाला लावलेला कान

"काका, पोटात काहीच वाजत नाहीये." पोरीने घोडीच्या कुशीला कान लावला होता. "दुसऱ्या बाजूलाही नाही."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय! तुम्हीच बघा ना."

मी काय बघणार, कपाळ! उजवा कान गेला त्याला दोन वर्षं झाली, डाव्यात नुसती शिट्टी वाजते. समोरच्याच्या ओठांवरून काम भागवतो झालं. शाळकरी मुलांना मी घोडा शिकवतो: खरारा करणं, खूर साफ करणं, मग रपेट. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे प्रत्येक घोड्याच्या पोटाला कान लावायचा. आतडी गुरगुरत असली की जनावर ठीक. गप्प झाली की जिवाशी गाठ. आज सकाळीही मी या घोडीच्या, आमच्या म्हातारीच्या, पोटाला कान लावला आणि फळ्यावर 'ठीक' लिहून मोकळा झालो. दोन वर्षं हेच नाटक चाललंय. बहिऱ्या माणसाला शिकवायला कोण ठेवणार?

आता म्हातारी वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघत होती, पुढच्या पायाने जमीन उकरत होती.

"लोळू देऊ नकोस, चालव तिला!" मी ओरडलो.

पोरीला सांगायची गरजच नव्हती. तिने दोर धरला होता, हिरड्यांचा रंग बघितला होता, मैत्रिणीला डॉक्टरांना फोन करायला पिटाळलंही होतं. तीन वर्षांपूर्वी हीच आईच्या मागे लपायची, काही विचारलं तर नुसती मान हलवायची. म्हातारीच्या पाठीवर बसल्यावर तिला कंठ फुटला. मी मागून चालत मनातल्या मनात गयावया करत होतो, की बाई गं, एकदा तरी लीद टाक.

तासाभराने डॉक्टर आले. पोरीने त्यांना सगळं पटापट सांगितलं. त्यांनी घोडी तपासली आणि त्यांचा चेहरा पडला.

"आतड्याला पीळ पडलाय. पहाटेपासूनचं दुखणं दिसतंय. सकाळी पोट कोणी ऐकलं?"

"काकांनी," पोरगी छातीठोकपणे म्हणाली. "सकाळी ठीक होतं. फळ्यावर लिहिलंय."

गप्प राहिलो असतो तर खपून गेलं असतं. पण तिचं ते 'ठीक होतं' मला सोसवेना.

"नव्हतं ठीक," मी म्हणालो. "मला ऐकूच येत नाही, डॉक्टर. दोन वर्षं झाली."

डॉक्टरांनी बॅग उघडली. "सकाळी कळलं असतं तर ऑपरेशनला नेली असती. आता हाल नकोत तिचे." त्यांनी इंजेक्शन भरलं. "मुलांना बाहेर न्या."

बाकीची मुलं गेली. पोरगी जागची हलली नाही. घोडी खाली बसली तेव्हा तिचं डोकं मांडीवर घेऊन पोरगी तिच्याशी बोलत होती, आणि मी मेल्याने तिथे नुसतं उभं राहायचं.

म्हातारी गेली. पोरगी पाठमोरी होऊन घोडीच्या तोंडावरची मोहरकी सोडवायला लागली. मध्येच तिचे खांदे हलले. काहीतरी बोलली असावी.

"काय म्हणालीस?" मी विचारलं. "ऐकू नाही आलं."

ती वळली. तोंड बाहीने पुसलं आणि मला ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली, "भीती वाटली की मोठ्याने सांगायचं. पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलं होतं ना आम्हाला?"

"हो," मी म्हणालो.

तिने मोहरकी माझ्या हातात दिली आणि घोडीच्या आयाळीतला गुंता बोटांनी सोडवत बसली.