थुंकीचा गोंद

डॅरलाने गार चहा नको म्हटला, तेव्हाच मी ओळखलं की काम नाजूक आहे.

"नदीनआंटी, आईसाठी एक पत्र हवंय," ती पोर्चच्या पायरीवरच बसत म्हणाली.

डॅरला ही मॅव्हिसची लेक. मॅव्हिस आणि मी सात वर्षं खांद्याला खांदा लावून अंतराळात जाऊन येणाऱ्या शटलच्या पोटाला टाइल चिकटवल्या. परतताना यान जळू नये म्हणून लावायच्या त्या टाइल. वजनाला पावासारख्या आणि तितक्याच ठिसूळ. डॅरला आता इथल्या एका नव्या कंपनीत आहे. चंद्रावर जाऊन परत येणारं यान बांधतायत म्हणे, पुढे मंगळावर जायचंय. पोरं हुशार, सगळं संगणकावर आखतात, पण टाइल हातात घेतली की कोपरा उडालाच. त्यांना शिकवायला जुना हात हवा होता आणि मॅव्हिससारखा हात आमच्या अख्ख्या शेडमध्ये दुसरा नव्हता.

"मग घ्या की तिला! विचारता काय?"

"अठ्ठ्याऐंशी सालची नोंद आडवी येतेय. गोंदात थुंकली म्हणून काढलं होतं ना तिला? त्याखाली तपासनीस म्हणून तुमचा शिक्का आहे. तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर साहेब ऐकतील." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिला सांगू नका मी बोलले ते, पण तिने नवा चष्मासुद्धा करून घेतलाय."

लिहिते म्हटलं. न लिहून सांगते कुणाला?

आता खरं सांगते. गोंदात थुंकायची युक्ती माझी. लाल गोंद कागदी पेल्यात कालवायचा आणि तो धरेपर्यंत ताटकळत बसायचं. पहिलं उड्डाण तोंडावर आलेलं, हजारो टाइल बाकी. एकदा वैतागून मी पेल्यात थुंकले, तर गोंदाने निम्म्या वेळात धरलं! मॅव्हिस तेव्हा नवी होती, बिचकली. "थुंक गं बये, नाहीतर इथेच म्हातारी होशील," मी म्हटलं. थुंकीने गोंद पुढे सैल पडतो, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं.

शहाऐंशीच्या जानेवारीत एक शटल उडताच आभाळात फुटलं, आतले सात जण गेले. टाइलचा त्यात काही संबंध नव्हता, तरी आम्ही टाइलवाल्या कित्येक दिवस एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हतो. तपासण्या कडक झाल्या आणि मला बढती मिळाली. तपासनीस! माझ्या नंबरचा स्वतंत्र शिक्का! दोन वर्षांनी प्रयोगशाळेने गोंदातली थुंकी हुडकून काढली आणि वरून विचारणा झाली, कोण? मी मॅव्हिसचं नाव दिलं. चौकशीत तिला विचारलं, कुणी शिकवलं तुला? "कोण शिकवणार? माझीच अक्कल," ती म्हणाली आणि तिने एकदाच माझ्याकडे बघितलं. मी कागद चाळत होते.

पुढे तिने शाळेच्या कँटीनमध्ये वीस वर्षं पोरांना बटाट्याचा लगदा वाढला. मी शटल बंद होईपर्यंत टिकले. नदीकाठी शटलच्या कामगारांची स्मारकभिंत आहे, तिच्यावर माझं नाव कोरलंय, शाळेच्या सहली आल्या की मला तिथे बोलायला नेतात. मॅव्हिस बोलणं तोडून बसली नाही, नाताळला केक पाठवत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवस मी कागद पुढ्यात घेऊन बसले. 'मीच शिकवलं' असं लिहिलं आणि फाडलं. त्या भिंतीवरचं नाव डोळ्यांपुढे यायचं. शेवटी लिहिलं, 'त्या काळी बरेच जण असं करायचे. मॅव्हिस टकरसारखा कारागीर मी पाहिला नाही.' खाली माझी बत्तीस वर्षांची नोकरी, हुद्दा आणि शिक्क्याचा नंबर. खोड जाते थोडीच!

आठवड्याने त्यांच्या साहेबाचा फोन आला. "पत्र वाचलं बाई. बत्तीस वर्षं, एक शेरा नाही. आम्ही म्हणतो, तुम्हीच का येत नाही?"

मी तडक मॅव्हिसकडे गेले. त्या दिवशी उड्डाण होतं, गल्लीतले सगळे खुर्च्या टाकून आभाळाकडे तोंड करून बसलेले. मॅव्हिस अंगणात पातेल्यात शेंगा उकडत होती, पाठ करून. टाइलवाली माणसं यान उडताना टाळ्या वाजवत नाहीत, ते खाली उतरलं की वाजवतात.

"आलीस? मीठ बघ जरा," ती म्हणाली. चष्मा नवा होता.

"मॅव्हिस, त्यांनी मला बोलावलंय."

ती ढवळत राहिली. "डॅरला म्हणाली सकाळी. बरं झालं. ओळखीचं माणूस लागलं तिथे."

"मी पत्र तुझ्यासाठी लिहिलं होतं गं. शपथ."

"काय लिहिलंस?"

"की... त्या काळी बरेच जण करायचे."

तेवढ्यात जमीन थरथरली, लोक ओरडायला लागले. आवाज ओसरेपर्यंत ती थांबली. मग चष्मा काढून पदरासारख्या खोचलेल्या ॲप्रनला पुसत म्हणाली, "बरेच जण. म्हणजे त्यात तू अजूनही नाहीसच."

"मी उद्या खरं लिहिते."

"आता कुणासाठी लिहितेस? जा, शिकव पोरांना. त्यांच्या टाइल गळायला नकोत."

मी सोमवारी गेले. होय, गेले. वीस पोरं वह्या उघडून बसलेली, डॅरला शेवटच्या रांगेत. मी टाइलला हात न लावता आधी सगळं सांगून टाकलं. युक्ती माझी, शिकवलं मी, नाव दिलं मी, आणि नोकरी गेली मॅव्हिस टकरची. तिच्यापाशी सदतीस वर्षांत जे बोलले नाही ते या परक्या पोरांपुढे बोलून मोकळी झाले.

 पोरांनी खाली मान घालून लिहून घेतलं. मी जवळच्या वहीत डोकावले. एकच ओळ होती: गोंदात थुंकू नये.

डॅरलाने वही उघडलीच नव्हती.