चार रिकाम्या मात्रा

नव्या व्हायोलिनवाल्याने गज तारेवर टेकवला आणि अंतऱ्यातल्या त्या चार रिकाम्या मात्रा भरून टाकल्या. संगीतकाराने टाळी वाजवून सगळ्यांना थांबवलं.

"तिथं काही नको."

"फार रिकामं वाटतं, सर."

"वाटू दे. बाई तिथं दम घेतात."

वीस वर्षं त्याच्या प्रत्येक गाण्यात ही जागा होती. समीक्षक तिला त्याची शैली म्हणत आणि तोही निमूट मान डोलावत असे. खरं तर त्याला चाल सुचायची ती मुळी तिथूनच. झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठेतरी आधी ती शांतता ऐकू यायची, मग तिच्या दोन्ही बाजूंना सूर धुक्यासारखे जमत जायचे. कारण तिथे थांबून गायिका पुढच्या ओळीच्या खुणेसाठी त्याच्याकडे बघायची. चार मात्रा, थेट डोळ्यांत. एवढ्यावर बिचाऱ्याचा संसार चालला होता.

माइकपाशी उभी असलेली गायिका हसली.

"मी दम घेते? माझा दम कधीपासून तोकडा झाला?"

"पहिल्या गाण्यात तुम्ही तिथंच थांबला होतात."

"अहो, तो दम नव्हता!" तिने काचेपलीकडे बोट दाखवलं. तिथे तिचा नवरा, ध्वनिमुद्रक, बटणं सारखी करत बसला होता. "हे त्या दिवशी नवीन आले होते. मी बघतच राहिले आणि ओळ विसरले. म्हटलं, आता तुम्ही फाडून खाणार. तर तुम्ही म्हणालात, छान वाटतंय, राहू दे."

वादक खो खो हसले. संगीतकारही हसला. त्याला फार लागलं होतं, पण लपवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"घ्यायचं का?" काचेपलीकडून विचारणा झाली.

लाल दिवा लागला. त्या बंद, मऊ भिंतींच्या खोलीत तिचा आवाज संथ पसरत गेला, आणि थोडा वेळ त्याला वाटलं, आत्ता काही बोलणं झालंच नाही. अंतरा आला. ओळ संपली. गायिका काचेकडे वळली, गालातल्या गालात हसत.

त्याचा हात सवयीने वर गेला होता. ती बघत नव्हती. व्हायोलिनवाला मात्र बघत होता. त्याला वाटलं, खूण आपल्यालाच आहे. तो वाजवू लागला आणि फार सुरेख वाजवू लागला.

संगीतकाराने हात हळूच खाली घेतला. गाणं थांबवलं नाही.