धाकटा गोळा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा गोळा आहे. आकाराने लिंबाएवढा, पण मला कुणी 'एवढासा' म्हटलेलं अजूनही खपत नाही.

निजामाच्या अमदानीत जळकोटजवळच्या एका शाळेत महालिंगप्पा मास्तर शिकवत. त्यांनी तुळजापूरच्या तांबटाकडून मला आणि माझ्या कवठाएवढ्या थोरल्या भावाला घडवून आणलं. दोघांच्या अंगात थर्मामीटरपुरतं छिद्र पाडलं. मास्तर आम्हाला उकळत्या पाण्यात तापवून टेबलावर ठेवत. दर वेळी मीच आधी गार होई आणि वर्ग हसे. मास्तर म्हणत, "त्याची काय चूक? ऊब साठते सगळ्या अंगात अन् निसटते कातडीवाटं. लहानाला अंगाच्या मानानं कातडी फार."

एका पौषात गिरिजाबाई शाळेत आल्या. त्यांच्या शेळीला तीन करडं झाली होती.

"मास्तर, थोरली तुडवतेत म्हून धाकटं म्या डालग्याखाली येगळं झाकते. दूध बी पाजते. तरी दोन सालं झाली, सकाळी गारच सापडतंय. ह्ये बी जाईल."

मास्तरांनी आम्हा दोघांना तापवून एकाच फडक्यात गुंडाळलं. त्या फडक्यात एकटा मी बारा मिनिटांत कोमट व्हायचो; भावाला बिलगून वीस मिनिटं लागली.

"मावशी, एक थोरलं बी त्याच डालग्याखाली घाला."

"तांब्याला शेळीचं काय कळतंय?" गिरिजाबाई म्हणाल्या, पण त्यांनी ऐकलं.

चौथ्या दिवशी त्या धाकट्या करडाला घेऊन वर्गात आल्या. ते टेबलावर उभं राहिलं आणि त्यानं मला चाटलं. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या भीतीनं गाव पांगलं. मास्तरांनी घाईत आम्हाला गुंडाळून ठेवलेलं कपाटातलं फडकं उचललं. थोरला त्यात राहिला, मी घरंगळून मागच्या कोपऱ्यात गेलो. मास्तर परतले नाहीत. शाळा पुन्हा भरली, पण हा गोळा कशाचा, हे नव्या माणसांना माहीत नव्हतं. मला फार एकटं वाटतं.

मित्रांनो, जुनं कपाट उघडलंत तर कोपऱ्यात हात घाला. मी सापडलो तर थोडा वेळ मुठीत धरा. मी लवकर गार होतो हे खरं, पण तापतोही तितकाच लवकर. आणि तुमच्यात कुणी धाकटं, अशक्त असेल, तर त्याला जपायचं म्हणून वेगळं ठेवू नका.