नाहूरच्या पुलाचा उतार

"काका, एकाच फेरीत न्यायचंय. मुलुंडला बाराला शूटिंग सुरू होतंय," अस्मिता म्हणाली. शूटिंगच्या सामानाची सगळी जबाबदारी तिच्यावर होती.

जयवंत परबांनी आपल्या पिकअपकडे बघितलं. हौद्यात लाइट आणि लोखंडी स्टँड मिळून दीड टन तरी सामान भरलं होतं. शिवाय मागे जनरेटरची ट्रॉली जोडायची होती.

"बाय, हौदा भरला तर ट्रॉली नको. ट्रॉली ओढायची तर हौदा रिकामा हवा. दोन्ही एकदम झेपायचं नाही हिला."

"मागच्या आठवड्यात त्या दुसऱ्या पिकअपवाल्या राजेशनं नेलं की."

आपण नाही म्हटलं तर उद्यापासून राजेशलाच बोलावतील, हे जयवंतांना ठाऊक होतं. त्यांनी ट्रॉली जोडली. अस्मिता शेजारच्या सीटवर येऊन बसली.

अंधेरीहून पवई, पवईहून भांडुप, गाडी कुरकुरत का होईना, गेली. नाहूरचा पूल चढून उतार लागला आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. जयवंतांनी ब्रेक दाबला. गाडी मंदावली, पण ट्रॉलीनं मागून ढकललं आणि गाडी डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागली.

खाली सिग्नल लाल होता. रांगेत सगळ्यात मागे एक स्कूटर होती, मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर तान्हं मूल.

"काका, ब्रेक."

"जोरात मारला तर ट्रॉली आडवी होईल."

जयवंतांनी गियर खाली टाकला. इंजिन किंचाळलं. हॉर्नवरचा हात न काढता त्यांनी गाडी डावीकडच्या कठड्याला घासत नेली. बाईच्या पदराची किनारसुद्धा अस्मिताला आता दिसत होती.

स्कूटरवाल्यानं मागे बघितलं आणि दोन गाड्यांच्या फटीतून स्कूटर पुढे घुसवली. पिकअप थांबली ती नेमकी स्कूटर उभी होती त्याच जागी.

ब्रेकचा जळका वास आत भरला. जयवंतांना पेडलवरचा पाय उचलता येईना.

अस्मितानं फोन लावला. "दुसरी गाडी पाठवा. लाइट इथंच उतरवतेय. उशीर झाला तर होऊ दे." फोन ठेवून ती म्हणाली, "काका, तुम्ही नाही म्हणायचं होतंत."

"म्हटलं होतं, बाय."

दोघं खाली उतरून हौद्याचा दोर सोडायला लागले. पहिली गाठ अस्मितानंच सोडली.