काचेच्या पेटीतली मुलगी

आत्या निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी शेजारपाजारचे लोक तिला अजून सिस्टरच म्हणत. कुणाचा ताप उतरेना, कुणाची जखम चिघळली, की पहिली हाक तिला. स्वतःसाठी मात्र ती कधी कुणाकडे गेली नव्हती. त्यामुळे एका दुपारी ती ग्रंथालयात भाचीच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा भाची हातातलं काम टाकून उठली.

"आत्या, काय झालं गं?"

"काही नाही. एक शोधून देशील? तेहेतीस वर्षांपूर्वी एक बाळ होतं. ते जगलं का, एवढंच बघायचंय."

भाची तिथं संदर्भ विभाग सांभाळायची. बंद पडलेल्या कारखान्यांचे पत्ते, जुन्या नकाशांवरच्या वाटा, काय वाट्टेल ते लोक तिला शोधायला सांगत. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि आत्याला बसवलं.

बाळ सातव्या महिन्यात जन्मलेलं, नऊशे दहा ग्रॅमचं. वादळानं दवाखान्याची वीज गेली, जनरेटरनंही मान टाकली. इन्क्युबेटर गार पडायला लागला, तशी आत्यानं ती मुलगी स्वतःच्या उघड्या पोटाशी बांधली, वर स्वेटर घातला, शाल गुंडाळली आणि दोन दिवस तशीच बसून राहिली. वीज आली, आणि चौथ्या दिवशी आत्याच काविळीनं आडवी झाली. तीन महिन्यांनी कामावर आली तर वॉर्ड बदललेला, डॉक्टर बदलून गेलेले.

"कुणाला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं कुणीतरी," आत्या पदराशी चाळा करत म्हणाली. "नाही जगली म्हणाले असते तर? म्हणून राहिलं ते राहिलंच."

महिनाभर तिनं एकटीनंच फोनवर खटपट केली होती. तिनं फोन पुढे केला. 'वादळात जन्मलेली कमी वजनाची मुलगी आता कुठे आहे', असं ती रोज लिहीत होती.

"आणि हा मेला मला रोज बाळांच्या लंगोटांच्या जाहिराती दाखवतो. या वयात!"

भाचीला हसू आवरेना. "अगं, तू शेजारणीला विचारावं तसं विचारतेस. आपल्याला कोणता प्रश्न पडलाय ते इथं लिहायचं नाही. ज्यानं ही गोष्ट लिहून ठेवली असेल, त्यानं कोणते शब्द वापरले असतील ते लिहायचं. कोण लिहील असं काही?"

आत्यानं विचार केला. "आमचे मोठे डॉक्टर. त्यांना लेख लिहायची भारी हौस."

भाचीनं वैद्यकीय नियतकालिकांची सूची उघडली. "इथं तुझ्या कामातले शब्द चालतील. सांग."

"अकाली जन्मलेलं अर्भक. त्वचास्पर्श. वीजपुरवठा."

दोनशेच्या वर लेख आले. भाचीनं वादळाच्या पुढची पाच वर्षं तेवढी ठेवली, तेव्हा अकरा उरले. सातवा दीड पानाचा होता. जन्मवजन नऊशे दहा ग्रॅम. इन्क्युबेटर बंद असताना एका परिचारिकेनं अठ्ठेचाळीस तास शरीराची ऊब दिली. शेवटची ओळ भाचीनं हळू वाचली, "एकाहत्तराव्या दिवशी अर्भकास घरी सोडण्यात आले. वजन एक हजार आठशे साठ ग्रॅम."

आत्यानं चष्मा काढला. बराच वेळ ती काचा पुसत राहिली. डोळे पुसायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

"घरी गेली," ती म्हणाली. "घरी गेली गं ती."

भाचीला आता थांबवेना. लेखात नाव नव्हतं. डॉक्टरांचं लिहून झालं. आता घरचे काय लिहितील? तिनं जुन्या वार्षिक अंकांचा आणि स्मरणिकांचा संग्रह उघडून 'इन्क्युबेटर', 'नर्स', 'वादळ' असं घालून पाहिलं. काहीच नाही.

"आई इन्क्युबेटर कशाला म्हणेल?" आत्या एकदम म्हणाली. "सगळ्या आया काचेची पेटीच म्हणायच्या. आणि नर्स कोण म्हणतंय? सिस्टर."

भाचीनं 'काचेची पेटी' हे शब्द अवतरणचिन्हांत घातले, म्हणजे ते जोडीनंच यावेत, आणि पुढे 'सिस्टर'. चारच पानं आली. तीन कामाची नव्हती. चौथं एका शाळेच्या अंकातलं, पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलेलं. 'मी सातव्या महिन्यात जन्मले. वादळात काचेची पेटी बंद पडली, तेव्हा एका सिस्टरनी मला दोन दिवस पोटाशी बांधून ठेवलं. आई सांगायची, त्या चांगल्या जाडजूड होत्या, म्हणून मी वाचले.'

"जाडजूड?" आत्या ताठ बसली. "काडीसारखी होते मी तेव्हा!"

भाचीचा चेहरा पडला. "मग दुसरंच कुणी असेल. सापडलं म्हणजे आपलंच, असं नसतं आत्या."

"थांब. स्वेटर, त्यावर शाल, आत लेकरू. मी ढोलीच दिसणार की त्या माउलीला!"

तरी भाचीनं खात्री केल्याशिवाय पुढे पाऊल टाकलं नाही. तिनं शाळेच्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या. आपल्याकडचा एकही आकडा न सांगता फक्त जन्मतारीख, वजन आणि घरी सोडल्याचा दिवस विचारला. पाच दिवसांनी उत्तर आलं. तिन्ही जुळत होते. खाली लिहिलं होतं, 'त्या हयात आहेत का? मी येऊ?'

रविवारी सकाळी ती आली. उंच, रुंद खांद्यांची, केस अजून ओले. दारातच थबकली. आत्यानं तिला आत घेतलं, खुर्चीत बसवलं आणि सवयीनं तिच्या पाठीवर तळहात टेकवला.

"श्वास घे बघू. जोरात."

तिनं घेतला. पोहणाऱ्या माणसाचा तो श्वास, लांबलचक, संपता संपेना. आत्यानं हात काढला नाही. भाची चहा टाकायला आत गेली.