बापूरावांचं लपवलेलं बहिरेपण

बापूरावांना ऐकू येईनासं झालं होतं आणि हे त्यांनी बायकोलाही कळू दिलं नव्हतं. आता बहात्तराव्या वर्षी कान गेले तर त्यात लाज कसली? पण नाही. उभा जन्म मार्केट यार्डात अडत्या म्हणून गेलेला. जुन्या व्यापाऱ्यांशी भाव रुमालाखाली, बोटं दाबून ठरवायचे. तिथे कानांवाचून भागलं. गाळा मुलाकडे सोपवून वारज्याच्या बागेत मित्रांबरोबर गप्पांना बसायला लागले, तेव्हा मात्र पंचाईत झाली. त्यावर त्यांनी तोड काढली. समोरच्याचे ओठ थांबले की हसायचं आणि म्हणायचं, "छान, छान. बरं झालं."

एके सकाळी हिंमतराव, त्यांचा चाळीस वर्षांचा दोस्त, मान खाली घालून काहीतरी बोलला. ओठ थांबले. बापूराव हसले. "छान. बरं झालं."

हिंमतराव उठला आणि चालता झाला. पुढे रस्त्यात दिसला तरी तोंड फिरवायचा. बापूरावही कमी ताठ नव्हते. मी काय त्याचं घोडं मारलंय, म्हणत घरात बसले ते तीन महिने बसले. जेवणावरची वासना उडाली. टीव्हीवर नुसती चित्रं बघायचे.

सून रुपाली हिंजवडीत कंपनीत कामाला. सासऱ्यांची ही दशा तिला बघवेना. तिनं आपला जुना फोन त्यांना दिला, बागेतल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलं आणि मराठीत टाइप कसं करायचं ते दाखवलं. चौथ्या दिवशी ग्रुपवर संपतचा निरोप आला. "हिंमतराव, विजयमालावहिनींची तिसरी किमो कशी झाली? बागेत तू कॅन्सरचं सांगितलंस, तेव्हापासून चैन नाही बघ."

बापूरावांनी निरोप दोनदा वाचला. या बातमीवर आपण हसलो होतो.

दुपारभर एका बोटानं ते लिहीत होते. 'हिंमत, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. त्या दिवशी तू काय बोललास ते कळलंच नाही. घरीही कुणाला माहीत नाही. मला माफ कर.' आणि हा निरोप पाठवला कुठे, तर ग्रुपवर. एकोणीस जणांना.

आता तो पुसायचा कसा, ते त्यांना येत नव्हतं. तेवढ्यात संपतचं उत्तर आलं, "माझाही डावा कान गेलाय." मग आणखी एकाचं, "माझा उजवा. बायकोला सांगू नका." अर्ध्या तासानं हिंमतरावाचं उत्तर आलं, "गाढवा, आधी सांगायला काय झालं होतं? उद्या सातला ये. चष्मा आण."

सकाळी दोघे बाकावर शेजारी बसले. हिंमतरावानं फोन काढला आणि लिहायला घेतलं. गाठ बायकोच्या हाताला कधी लागली, रिपोर्ट कुणी आणला, ती कशी रडलीच नाही आणि हाच कसा रडला. बापूराव एकेक ओळ वाचत होते. डोळे भरले तसा त्यांनी चष्मा पुसला, आणि उत्तर ऐकू येणार नाही या धास्तीनं दोन वर्षं कुणाला न विचारलेला प्रश्न विचारला.

"मग? पुढे काय झालं?"