मनकर्णाबाईंचं लाल लुगडं

लढाईसाठी अकोल्याबाहेर विमानांची पट्टी झाली, तेव्हा आमची वांग्याची वाडी तिच्या अगदी टोकाशी आली. पट्टी दोघांची होती. पलटणीची विमानं मनात येईल तेव्हा यायची, टपालाचं विमान मंगळवारी आणि शुक्रवारी. पलटणीकडून सुभेदार बघायचे, टपालाकडून कमलाकांत बाबू. दोघांची टेबलं एकाच खोलीत, पण पाठीला पाठ लावून.

वारा कुठून येतो ते वैमानिकाला वरून कळावं म्हणून तिथे खांबावर एक कापडी पिशवी असायची. ती चैत्रातल्या वावटळीत फाटली. सुभेदार म्हणाले, पिशवी टपालवाल्यांची. बाबू म्हणाले, पलटणीची. दिवाळी झाली तरी खांब उघडाच.

माझ्या सासूबाईंजवळ, म्हणजे मनकर्णाबाईंजवळ, तेव्हा दोनच लुगडी. कापडाला कंट्रोल होता. एक नेसायच्या, एक धुवायच्या. कुंपणाच्या काट्यांत फाटू नये म्हणून धुतलेल्याचं एक टोक विहिरीजवळच्या उंच बांबूला बांधून बाकीचं वाऱ्यावर सोडायच्या. दोन्ही लुगडी लालच. फडफडायला लागलं की शेजारच्या शिवारातून दिसायचं.

एका सोमवारी सुभेदार आणि बाबू जोडीनं वाडीत आले. त्या दोघांना बरोबर चालताना पाहून मी टोपली खालीच ठेवली. काही तरी वाईट असणार.

"वाडी हद्दीत येते, बाई," बाबू म्हणाले. "आठ दिवसांत मोकळी करून द्या."

"और ये कपडा आज ही उतारो," सुभेदारांनी बांबूकडे बोट दाखवलं. "दुश्मन को ऊपर से दिखेगा."

"माह्यं लुगडं पाहून तो काय करन जी?" सासूबाई म्हणाल्या. "नेसन?"

बाबू हसले, पण लुगडं उतरलंच. आमचं घर त्या वाडीवर चालायचं. संध्याकाळी सासूबाईंनी भाकर खाल्ली नाही. "वांगे आता कुठी लागून राहिले होते व माय," एवढंच म्हणाल्या.

मंगळवारी टपालाचं विमान आलं. एक घिरटी, दोन, चार. वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं ते पाठ करून उतरलं, आणि थांबता थांबेना. आमच्या कुंपणापासून हातभरावर नाक आणून उभं राहिलं. आतून एक जाडसर पारशी पायलट घाम पुसत उतरला.

"अरे, वो लाल साडी किधर गई?" तो ओरडला. "छे महिने से मैं उसको देख के उतरता हूँ!"

सुभेदारांनी तिथल्या तिथे स्टोअरमधून खाकी कापडाचं थान मागवलं आणि बांबूला बांधलं. शुक्रवारी पुन्हा चार घिरट्या. खाकी मुळात दिसू नये म्हणूनच असतं, हे सुभेदारांना कोणी सांगायचं!

दोघं पुन्हा वाडीत आले. सासूबाई वांगी तोडत राहिल्या.

"बाई, ते लुगडं लावा," बाबू म्हणाले. "आता रोज लावा."

"अन् एक रोज बांबूवर, त दुसरं धुतल्यावर मी काय नेसू?"

"हे खाकी थान ठेवून घ्या."

"खाकी? मी काय पलटणीत चाल्ली?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "अन् बांबू वाडीत हाय, बाबूसायेब. वाडी मोकळी केली त बांबू कुठी रोवू? तुमच्या टेबलात?"

बाबूंनी सुभेदारांकडे पाहिलं. मग नोंदवहीत लिहिलं: 'वाडी, विहीर व बांबू मिळून वाऱ्याची खूण. कायम.' खाली दोघांच्या सह्या.

ते थान मी जांभळं रंगवलं. सासूबाई तेच नेसायच्या. कापड इतकं जाड, की त्या चालायला लागल्या की कवायतीला निघाल्यासारख्या वाटायच्या.

पुढच्या वर्षी नागपूरहून नवी पिशवी आली. म्हणजे वाडीची गरज संपली. पण ती नोंद खोडायला दोन्ही सह्या एकाच दिवशी लागतात. सुभेदार असतात तेव्हा बाबू परतवाड्याला सासरी. बाबू परततात तेव्हा सुभेदार रजेवर. आता तर लढाई संपली, सुभेदारही नवे आले. टेबलं मात्र अजून तशीच, पाठीला पाठ.

काल शुक्रवार होता. पायलट उतरला आणि पिशवीखालून सरळ कुंपणाशी आला.

"बाई, वांगी आहे?" आता तो आमच्यासारखं बोलायला बघतो.

त्यानं टोपलीतलं सगळ्यात मोठं वांगं उचललं. सासूबाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"ते ठेवा जी. भरायले बारकेच बरे लागतात."